शेजारी विकसनशील देशांत आधी व्यापार की आधी सुरक्षा?

वाटसरू (मूळ प्रश्न)

शेजारी देशांनी आपसांत व्यापार वाढवला की हितसंबंध गुंतत जातात आणि पुढे युद्ध कोणालाच परवडत नाही, हा युक्तिवाद आपण युरोपच्या उदाहरणासह नेहमी ऐकतो. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद सामायिक देखरेखीखाली आणले आणि त्यातून पुढे युरोपीय संघ उभा राहिला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या सहा देशांच्या सीमा तोवर बहुतांशी ठरलेल्या होत्या, त्यांच्याकडे चालती प्रशासनयंत्रणा होती आणि डोक्यावर अमेरिकेचे लष्करी छत्र होते. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील विकसनशील देशांना हाच क्रम लागू पडतो का, असा माझा प्रश्न आहे.

शंका येण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की या देशांचा आपसांतील व्यापार मुळातच तुटपुंजा आहे. दक्षिण आशियात तो प्रदेशाच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो, आणि आफ्रिकेतील पुष्कळ देश एकमेकांना विकण्याऐवजी सारख्याच प्रकारचा कच्चा माल दूरच्या बाजारपेठांत पाठवतात. जो व्यापार नाहीच, तो युद्धाला आवर कसा घालणार?

दुसरे कारण मध्य अमेरिकेचे. एल साल्व्हाडोर आणि होंडुरास हे दोन्ही देश मध्य अमेरिकी सामायिक बाजारपेठेचे सदस्य होते आणि १९६० च्या दशकात त्या बाजारपेठेतील व्यापार झपाट्याने वाढत होता. तरीही जुलै १९६९ मध्ये त्यांच्यात युद्ध झाले. वृत्तपत्रांनी त्याला फुटबॉलचे युद्ध म्हटले. परंतु होंडुरासमध्ये राहणारे सुमारे तीन लाख साल्व्हाडोरी लोक, त्यांना जमिनीवरून हुसकावणारा कायदा, आणि बाजारपेठेचा लाभ शेजाऱ्यालाच अधिक होतो ही होंडुरासची भावना, ही त्यामागची खरी कारणे होती. म्हणजे व्यापाराने भांडण मिटवले तर नाहीच, उलट त्याला एक नवे कारण पुरवले. १९७० च्या अखेरीस होंडुरास त्या बाजारपेठेतून बाहेर पडला.

मग क्रम उलटा असावा काय? आधी सुरक्षेचे सहकार्य आणि मागून व्यापार? परंतु ज्यांनी नुकतेच स्वातंत्र्य मिळवले आहे, त्यांना आपल्या सैन्याविषयीचे निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेणे सर्वांत जड जाते. या विषयाचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांनी कृपया प्रत्यक्ष उदाहरणांनिशी लिहावे.

दक्षिणगोल

व्यापार आणि सुरक्षा या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट यावी लागते, असे माझे मत आहे. शेजाऱ्याच्या बंडखोरांना आणि परागंदा विरोधकांना आपल्या भूमीवरून शस्त्र उचलू न देणे, ही ती गोष्ट. बहुतेक विकसनशील देशांतील सरकारांना खरी धास्ती शेजाऱ्याच्या रणगाड्यांची नसते. आपल्याच देशातील असंतुष्ट गट सीमेपलीकडे जाऊन तळ उभारील, तेथून पैसा आणि शस्त्रे मिळवील आणि परतून राजधानीवर चाल करील, याची असते. ही धास्ती जोवर जात नाही तोवर व्यापाराचा करार कागदावर राहतो, आणि ती ओसरली की करार नसतानाही ट्रक चालू लागतात.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण पाहावे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला, तेव्हा रेल्वे, बंदरे, टपाल आणि विमान कंपनी हे सारे त्यांच्यात सामायिक होते. एकात्मीकरणाच्या मोजपट्टीवर त्या काळचा युरोपही काही बाबतींत त्यांच्या मागे होता. १९७१ मध्ये लष्करप्रमुख इदी अमीनने युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे यांची सत्ता उलथवली आणि ओबोटे यांना टांझानियाने आश्रय दिला. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे अमीनशेजारी बसायला तयार नव्हते, त्यामुळे तिन्ही राष्ट्रप्रमुखांचे सर्वोच्च मंडळ त्यानंतर भरलेच नाही. १९७२ मध्ये ओबोटे यांच्या समर्थकांनी टांझानियातून युगांडावर हल्ला केला, तो फसला. लाभाच्या वाटपावरून केनियाशी कुरबुरी होत्याच. १९७७ मध्ये समुदाय मोडला, पुढच्याच वर्षी अमीनच्या सैन्याने टांझानियाचा कागेरा प्रदेश व्यापला आणि एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाचे सैन्य कंपालात शिरले. सामायिक रेल्वे आणि सामायिक विमान कंपनी यांनी हे काहीही थोपवले नाही.

आता आग्नेय आशिया. आसियान या तेथील देशांच्या संघटनेची स्थापना ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी केली. त्याच्या जेमतेम वर्षभर आधीपर्यंत इंडोनेशिया मलेशियाविरुद्ध सशस्त्र कुरापतींची मोहीम चालवत होता, आणि मलेशियातील साबाह प्रांतावरील फिलिपिन्सचा दावा तर आसियान स्थापन झाल्यावरही धुमसत राहिला. १९६८ मध्ये त्यापायी मलेशिया आणि फिलिपिन्स यांचे राजनैतिक संबंध तुटले. म्हणजे मैत्री होती म्हणून ही संघटना निघाली, असे मुळीच नाही. पाचही सरकारांना घरातील बंडांची, विशेषतः कम्युनिस्ट चळवळींची भीती होती आणि ती मोडून काढायची तर शेजाऱ्याने त्यांना थारा देऊ नये, एवढे भान सर्वांना होते. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याच्या ज्या तत्त्वाबद्दल आसियानला आज नावे ठेवली जातात, त्याचा मूळ अर्थ हा होता.

त्यानंतरचा वेग पाहिला तर युरोपच्या क्रमाशी त्याचे काहीच जुळत नाही. पहिली शिखर परिषद बालीत १९७६ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. त्याच वेळी बळाचा वापर टाळण्याचा मैत्री व सहकार्य करार झाला. मुक्त व्यापार क्षेत्राचा निर्णय १९९२ मध्ये, पंचवीस वर्षांनी. संरक्षणमंत्र्यांची पहिली औपचारिक बैठक २००६ मध्ये, एकोणचाळीस वर्षांनी. लष्करी सहकार्य मधल्या काळात थांबले होते असे नव्हे. मलेशिया आणि थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्या सीमा समित्या काम करत होत्या. मात्र ते दोघा-दोघांत आणि जाणीवपूर्वक संघटनेच्या छत्राबाहेर ठेवले गेले, जेणेकरून आसियान हा कोणाविरुद्धचा लष्करी गट आहे असे कोणाला वाटू नये. मला यातील शहाणपण फार मोलाचे वाटते.

तिसरे उदाहरण अर्जेंटिना आणि ब्राझील यांचे, आणि ते मला सर्वांत बोलके वाटते. हे दोघे दक्षिण अमेरिकेतील जुने प्रतिस्पर्धी. १९७० च्या दशकात पाराना नदीवरील इताइपू धरणावरून त्यांच्यात तणाव होता आणि दोघांचेही अणुकार्यक्रम आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कक्षेबाहेर वाढत होते. १९७९ मध्ये पॅराग्वेसह पाण्याच्या पातळीचा करार झाला आणि त्या तंट्याची धग गेली. दोन्हीकडे लष्करी राजवटी जाऊन नागरी सरकारे आल्यावर, नोव्हेंबर १९८५ मध्ये इग्वासू येथे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिन आणि ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष सार्नी भेटले. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांना भेटी दिल्या. जुलै १९९१ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या अणुसाहित्याची मोजदाद ठेवणारी संयुक्त संस्था स्थापन केली, आणि तिचे निरीक्षक आजही एकमेकांच्या केंद्रांची तपासणी करतात. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या सामायिक बाजारपेठेचा करार झाला तो मार्च १९९१ मध्ये. धरण आणि अणुकेंद्र यांविषयीचा संशय आधी निवला, तेव्हा कुठे सीमाशुल्काच्या वाटाघाटींना वाव मिळाला.

साशंक

दक्षिणगोल यांची मांडणी पटण्यासारखी आहे, मात्र तिच्यात एक धोका दडलेला आहे. शेजाऱ्याच्या विरोधकांना थारा न देणे हीच पहिली पायरी मानली, तर त्या पायरीवर सर्वांत चोख उभे राहिलेले उदाहरण कोणते? नोव्हेंबर १९७५ मध्ये सांतियागो येथे चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि बोलिव्हिया यांच्या गुप्तचर यंत्रणांनी जुळवलेले आणि पुढे ब्राझीलनेही साथ दिलेले ‘ऑपरेशन कोंडोर’. शेजारी देशात पळून गेलेल्या विरोधकांना हुडकणे, पकडून परत पाठवणे, छळणे आणि ठार मारणे हे त्या सहकार्याचे स्वरूप होते. सुरक्षा सहकार्य म्हणून ते विलक्षण कार्यक्षम होते. त्याच प्रदेशातील नागरिकांच्या दृष्टीने त्याहून मोठी असुरक्षितता दुसरी नव्हती.

त्यातही एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. अर्जेंटिना आणि चिली यांचे गुप्तहेर हातात हात घालून काम करत असताना, डिसेंबर १९७८ मध्ये बीगल खाडीतील बेटांवरून त्यांची सैन्ये युद्धाच्या अगदी उंबरठ्यावर उभी होती. पोपच्या मध्यस्थीने ते टळले आणि १९८४ मध्ये तह झाला. तेव्हा विरोधकांना आसरा न देण्याबाबत एकमत असले म्हणून राज्याराज्यांतील वैर शमतेच, असा निष्कर्ष निघत नाही. आधीच्या प्रतिसादात नागरी सरकारे आल्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. माझ्या मते इग्वासूच्या भेटीमागील मुख्य कारण तेच होते. सैन्याला अर्थसंकल्पात वाटा मागण्यासाठी शेजारचा शत्रू लागतो, नागरी सरकारला तो तितका लागत नाही.

म्हणून सहकार्य कोणाच्या सुरक्षेसाठी, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. राज्यकर्त्यांच्या खुर्चीसाठी असेल तर ते एकमेकांच्या निवडणुकीतील गैरप्रकारांकडे डोळेझाक करतील आणि ‘अंतर्गत बाब’ म्हणून मोकळे होतील. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आसियानने एप्रिलमध्ये पाच कलमी सहमती जाहीर केली, आणि तेथील लष्कराने ती गुंडाळून ठेवली. लष्करप्रमुखांना शिखर परिषदेला न बोलावणे, यापलीकडे संघटनेच्या हाती फारसे काही नव्हते. दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाच्या न्यायाधिकरणाची गत तर याहून वाईट झाली. झिम्बाब्वेतील जमीन जप्तीविरुद्ध त्याने निकाल दिला, तेव्हा निकाल अंमलात आणण्याऐवजी राष्ट्रप्रमुखांनी २०१० मध्ये न्यायाधिकरणाचेच काम थांबवले.

मर्कोसुरमध्ये मात्र वेगळे घडू शकले. एप्रिल १९९६ मध्ये पॅराग्वेचे सेनापती ओव्हिएदो यांनी राष्ट्राध्यक्षांना धमकावले, तेव्हा ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी ठणकावून सांगितले की उठाव झाल्यास पॅराग्वेला बाजारपेठेत जागा राहणार नाही. त्यातूनच १९९८ चा उश्वाया करार आला आणि लोकशाही ही सदस्यत्वाची अट झाली. येथे व्यापारानेच सुरक्षेचे काम केले. वाटसरू यांच्या मूळ शंकेला हे थोडेफार उत्तर आहे: व्यापार युद्ध टाळील की नाही हे सांगता येत नाही, पण तो पुरेसा मोठा असेल तर शिक्षा म्हणून वापरता येतो.

खलाशी

वरील चर्चा फार उंचावरून चालली आहे. सरकारांचा परस्परविश्वास, लोकशाही हे सारे खरे. पण विश्वास जवळपास नसतानाही नेमके एक काम वाटून घेता येते आणि ते यशस्वी होते, याचे उदाहरण मलाक्काच्या सामुद्रधुनीत आहे.

२००० च्या सुमारास तेथे चाचेगिरीने कळस गाठला होता. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर या तिन्ही किनारी देशांना परस्परांविषयी संशय होता आणि समुद्री हद्दीचे वाद होते. २००४ मध्ये अमेरिकी नौदलाने तेथे लक्ष घालावे अशी चर्चा वॉशिंग्टनमधून ऐकू येऊ लागली, तेव्हा जकार्ता आणि क्वालालंपूर एकाच वेळी सावध झाले. बाहेरचा पहारेकरी नको असेल तर आपणच पहारा दिला पाहिजे, हे उघड होते. जुलै २००४ मध्ये तिघांनी समन्वित गस्त सुरू केली. येथे ‘संयुक्त’ गस्त नाही, ‘समन्वित’ गस्त आहे: प्रत्येकाचे जहाज आपल्याच हद्दीत फिरते, चाचा हद्द ओलांडून गेला तर पाठलाग तेथेच थांबतो आणि पलीकडच्या नौदलाला कळवले जाते. सार्वभौमत्वाला धक्का लागत नाही. २००५ पासून हवाई गस्त सुरू झाली, तिच्यात विमानावर इतर देशांचे अधिकारीही असतात. २००८ मध्ये थायलंड सामील झाला.

पण सरकारांना खरी जाग आणली ती विमा बाजाराने. जून २००५ मध्ये लंडनच्या विमाकर्त्यांच्या युद्धजोखीम समितीने ही सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या यादीत टाकली आणि जहाजांचा हप्ता वाढण्याची चिन्हे दिसू लागली. सिंगापूरसारख्या बंदरावर जगणाऱ्या देशाला याहून कडक निरोप कोणता मिळणार होता? ऑगस्ट २००६ मध्ये नाव यादीतून निघाले. यात गस्तीचा वाटा होता. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा आणि ऑगस्ट २००५ मध्ये इंडोनेशियाच्या आचे प्रांतात झालेल्या शांतता कराराचाही होता. आणखी गंमत अशी की चाचेगिरीची माहिती एकत्र करणारे आशियाई केंद्र सिंगापूरमध्ये उभे राहिले, म्हणून इंडोनेशिया आणि मलेशिया त्या कराराचे सदस्य आजवर झालेले नाहीत. तरीही गस्त चालू आहे.

जमिनीवर हेच करायला गेले की अवघड होते, हेही सांगायला हवे. चाड सरोवर खोरे आयोग १९६४ मध्ये पाण्याच्या वाटपासाठी स्थापन झाला होता. बोको हराम या जिहादी गटाविरुद्ध २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय दलाला नव्याने उभे केले गेले ते त्याच आयोगाच्या छत्राखाली, मुख्यालय चाडची राजधानी न्जामेनात. चार क्षेत्रे चार देशांत वाटलेली आहेत आणि प्रत्येक देशाची पथके बहुतांशी आपल्याच हद्दीत लढतात. म्हणजे रचना मलाक्कासारखीच. परंतु समुद्रावर गाव नसते. येथे एका बाजूने रेटा दिला की बंडखोर पलीकडच्या गावात सरकतात आणि त्या गावातील कोळी व शेतकरी दोन्हीकडून भरडले जातात. शिवाय एखादे सरकार बदलले वा रुसले की एक क्षेत्रच रिकामे पडते. मार्च २०२५ मध्ये नायजरने दलातून बाहेर पडण्याचे जाहीर केले.

वाटसरू

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. दोन उपप्रश्न उरतात. पश्चिम आफ्रिकेतील इकोवास ही संघटना व्यापारासाठी निघाली आणि पुढे सैन्य पाठवण्यापर्यंत गेली, तरी २०२५ मध्ये तिचे तीन सदस्य बाहेर पडले. ती नेमकी कोणत्या पायरीवर घसरली? आणि दक्षिण आशियात दक्षिणगोल यांची कसोटी लावली तर काय दिसते? सार्कच्या सनदेने द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले, ते आसियानच्या धोरणासारखेच वाटते. मग परिणाम इतके वेगळे का?

दक्षिणगोल

आधी साशंक यांच्या आक्षेपाविषयी. कोंडोर आणि इग्वासू यांतील फरक मला मान्य आहे, आणि तो माझ्या कसोटीत बसवताही येतो. शस्त्र घेऊन परतणाऱ्याला रोखणे वेगळे आणि लेखणी घेऊन आलेल्याला परत पाठवणे वेगळे. ज्या प्रदेशात हा भेद पाळणारी न्यायालये नाहीत तेथे पहिल्याच्या नावाखाली दुसरे घडते, यात शंका नाही.

इकोवासचा करार मे १९७५ मध्ये लागोस येथे झाला. परस्परांवर आक्रमण न करण्याचा पूरक करार १९७८ चा, मुक्त संचाराचा १९७९ चा आणि संरक्षणात परस्पर साहाय्याचा १९८१ चा. कागद पाहिले तर सर्व पायऱ्या भराभर चढल्या गेल्या. परंतु डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलरचे बंडखोर लायबेरियात शिरले ते आयव्हरी कोस्टमधून, आणि त्यांना बुर्किना फासोचाही पाठिंबा होता. दोघेही इकोवासचे सदस्य. ऑगस्ट १९९० मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने उतरलेले शांतिदल त्यामुळे एका सदस्याने पोसलेल्या बंडाशी दुसऱ्या सदस्याच्या सैन्याने लढावे, असे विचित्र होऊन बसले. त्या दलातील बहुतेक सैनिक आणि बहुतेक पैसा नायजेरियाचा होता. १९९८ मध्ये त्याच नायजेरियाने सिएरा लिओनमधील निवडून आलेल्या सरकारला पुन्हा सत्तेवर बसवले, आणि तेव्हा खुद्द नायजेरियात सानी अबाचांची लष्करी हुकूमशाही होती.

तरीही ही संघटना शिकत गेली, हे नाकारता येणार नाही. २००१ च्या पूरक कराराने घटनाबाह्य मार्गाने मिळवलेली सत्ता अमान्य ठरवली. गांबियात राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांनी डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीतील पराभव नाकारला, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये इकोवासचे सैन्य सेनेगलमधून सीमा ओलांडून आत आले आणि जामे लढाईविनाच देश सोडून गेले. पण गांबिया तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला छोटा देश आहे. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये उठाव झाला, इकोवासने एका आठवड्याची मुदत देऊन बळाची धमकी दिली, सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली. आणि मुदत उलटून गेली तरी सैन्य हलले नाही. साशंक म्हणतात तशी व्यापाराची शिक्षा येथे दिली गेली, पण ती खुर्चीवरच्या सेनापतींऐवजी बाजारात धान्य घेणाऱ्यांना लागली, आणि सेनापतींना राष्ट्राभिमानाचे भाषण करण्याची आयती संधी मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी आपली स्वतंत्र संरक्षण आघाडी केली आणि २९ जानेवारी २०२५ रोजी ते अधिकृतपणे बाहेर पडले. त्यांच्या तक्रारीचा एक भाग रास्त होता: सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातील जिहादी गटांशी ते अनेक वर्षे लढत असताना संघटनेचे दल त्यांच्या मदतीला आले नव्हते, ते येण्याची भाषा झाली ती सत्तापालटानंतर. लोकांच्या मुक्त संचाराची सोय मात्र बाहेर पडतानाही दोन्ही बाजूंना मोडवली नाही. सुरक्षेची घडी विस्कटली, आणि सीमेपलीकडे मजुरीला जाणाऱ्यांनी पन्नास वर्षांत घातलेली वाट टिकली.

आता दक्षिण आशिया. सार्कच्या सनदेत डिसेंबर १९८५ मध्ये दोन नियम घातले गेले: निर्णय एकमताने, आणि वादग्रस्त विषय बाहेर. कागदावर हे आसियानसारखेच. फरक असा की आसियानने वाद चर्चेबाहेर ठेवले ते वाद निवळत असताना. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ते निवळलेच नव्हते. दहशतवादाच्या बंदोबस्ताचा सार्क करार १९८७ मध्येच झाला होता, २००४ मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली, आणि दोन्ही वेळी मूळ प्रश्न, म्हणजे सीमेपलीकडील आसऱ्याचा प्रश्न, जिथल्या तिथे राहिला. २०१४ च्या काठमांडू परिषदेत वाहन वाहतुकीचा करार पाकिस्तानने अडवला; २०१६ मध्ये उरी येथील हल्ल्यानंतर इस्लामाबादची परिषद भरू शकली नाही; त्यानंतर शिखर परिषद झालेलीच नाही. आकाराची विषमता हे आणखी एक कारण आहे. आसियानमधील सर्वांत मोठ्या इंडोनेशियाने सुरुवातीची कित्येक वर्षे स्वतःहून मागच्या बाकावर बसणे पसंत केले. भारताच्या बाबतीत शेजाऱ्यांना तसा अनुभव आल्याचे फारसे ऐकिवात नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

त्याच प्रदेशात सार्कच्या बाहेर मात्र कसोटी नेमकी लागू पडते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानने आपल्या दक्षिण भागातील आसामी आणि बोडो बंडखोरांचे तळ स्वतःच्या सैन्याने उद्ध्वस्त केले. २००९ नंतर बांगलादेशाने आसाममधील उल्फा या बंडखोर संघटनेच्या नेत्यांवर कारवाई केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जे घडले ते आधीच्या चाळीस वर्षांत घडले नव्हते: २०१४ मध्ये सागरी सीमेचा लवादाचा निकाल दोघांनी निमूटपणे स्वीकारला, २०१५ मध्ये भूसीमेचा करार अंमलात येऊन भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ परिवेष्टित (म्हणजे दुसऱ्या देशाने चहूबाजूंनी वेढलेल्या) भूखंडांची अदलाबदल झाली, रेल्वे आणि नदीमार्ग पुन्हा जोडले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलटली, शेख हसीना भारतात आल्या, बांगलादेशाने त्यांच्या प्रत्यार्पणाची मागणी केली. आणि २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये भारताने बांगलादेशी मालाला दिलेली ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे भारतमार्गे तिसऱ्या देशांत जाण्याची, सवलत काढून घेतली व तयार कपड्यांची भूमार्गे आयात रोखली. येथे आश्रय घेणारी व्यक्ती बंडखोर नाही, माजी पंतप्रधान आहे; पण ढाक्यातील नव्या सत्ताधाऱ्यांना शेजारी कोणाला थारा देतो हा प्रश्न तितकाच बोचला, आणि व्यापाराची दोरी लगेच आखडली.

साशंक

याच उदाहरणावरून माझा मुद्दा पुढे जातो. ती पंधरा वर्षांची जवळीक दोन राष्ट्रांमधील होती की दोन सरकारांमधील? एका पक्षाशी घट्ट बांधलेले सहकार्य त्या पक्षाबरोबरच कोसळते. त्याउलट अर्जेंटिना आणि ब्राझील यांची अणुसंस्था दोन्हीकडे डावी, उजवी, मर्कोसुरला शिव्या देणारी अशी सर्व तऱ्हेची सरकारे येऊनही टिकली, कारण ती निरीक्षकांची आणि हिशेबाच्या वह्यांची संस्था आहे. तिला राष्ट्राध्यक्षांच्या मैत्रीची गरज उरलेली नाही.

खलाशी

साशंक यांच्या या वाक्याला पैशाची बाजू जोडतो. निरीक्षकांचे पगार कोण देतो, यावर त्यांचे आयुष्य ठरते. सोमालियातील आफ्रिकी दलाच्या सैनिकांचा भत्ता वर्षानुवर्षे युरोपीय संघाने दिला, आणि तो आटू लागला की दलाची संख्या व मुदत यांवर लगेच चर्चा सुरू होई. स्वतःच्या पैशाने चालण्यासाठी इकोवासने बाहेरून येणाऱ्या मालावर अर्धा टक्का समुदाय-कर बसवला. आफ्रिकी संघाने २०१६ मध्ये ०.२ टक्क्याचा ठराव केला, पण सर्व सदस्यांनी तो वसूल करायला अजूनही सुरुवात केलेली नाही. कांगोच्या पूर्व भागात तर दोन प्रादेशिक संघटनांनी पाळीपाळीने सैन्य पाठवले: पूर्व आफ्रिकी समुदायाचे दल डिसेंबर २०२३ मध्ये परतले, त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाचे उतरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती गेल्यावर मार्चमध्ये तेही मागे घेण्याचे ठरले. कांगो आणि रवांडा हे दोघेही पूर्व आफ्रिकी समुदायाचे सदस्य आहेत. एम-२३ ला रवांडाचे पाठबळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवले आहे आणि रवांडा ते नाकारतो. सीमाशुल्क संघात एकत्र असलेल्या या दोन सदस्यांमध्ये शस्त्रसंधी घडवायला शेवटी दोहा आणि वॉशिंग्टन यांना मध्ये पडावे लागले.